साडूंच्या डिशची मोटार

उभ्या मराठवाड्यात आकाशाचा नकाशा तोंडपाठ असलेला एकच माणूस आहे, आणि तो माझा साडू आहे. औशाच्या घराच्या गच्चीवर उभं राहून ते नुसत्या बोटाने दाखवतात, "हितं रशियावाला, त्याच्या डाव्या अंगाला थायलंडवाला, आन् ह्या टाकीच्या वर बोटभर आपला देशी." टाकीच्या वर मला कावळ्याशिवाय कधी काही दिसलं नाही. पण साडूंनी सगळी नोकरी जमीन मोजणीत काढलेली असल्यामुळे हद्दीच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची आमच्यात कुणाचीच हिंमत होत नाही. गच्चीवर त्यांची आठ फुटी जाळीची डिश आहे. गल्लीतल्या बाकीच्या डिश बसवल्या दिवसापासून एकाच दिशेला तोंड करून बसल्यात, साडूंची फिरते. खाली खोलीत त्यांनी रिमोट दाबला की वर मोटारीचा दांडा हळूहळू लांब होतो, डिशला ढकलतो, आणि एका उपग्रहाकडची पाठ वळवून ती दुसऱ्याकडे बघू लागते. मग साडू कुठल्यातरी अनोळखी भाषेतल्या बातम्या तासभर ऐकत बसतात. "काय कळतं हो तुम्हाला?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कळायला कशाला पायजे? आली का न्हाई, तेवढं बघायचं."

डिश फिरायची तर तिचा खांब काटकोनात उभा लागतो, सुताभराचाही फरक चालत नाही, हे त्यांचं पहिलं तत्त्व. हा खांब बसवताना त्यांनी ओळंबा धरून गवंड्याला चार दिवस नाचवलं होतं. पाचव्या दिवशी गवंडी आलाच नाही. निरोप आला की साहेबांचा खांब सरळ झाला की कळवा. मागच्या वर्षी जुनी मोटार गेली तेव्हा नवी घ्यायला ते माझ्याकडे नांदेडला आले. हमीदभाईंच्या डिशच्या सामानाच्या जुन्या दुकानात आम्ही सकाळी दहाला शिरलो आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी तिथेच होतो. हमीदभाई म्हणत होते की अठरा इंची दांड्याच्या मोटारीवर भागेल. साडूंचं म्हणणं, आठ फुटी डिशला चोवीसच पाहिजे, अठराला दोन्ही टोकं गाठायला दम लागेल. मग पाच चोवीस इंची मोटारी काउंटरवर मांडल्या गेल्या, एकेकीला वीज देऊन चालवलं गेलं आणि साडूंनी प्रत्येकीला कान लावला. हमीदभाई शेवटी हात जोडून म्हणाले, "क्या साब, मोटर ले रैं या बहू देख रैं?"

"सून घरात ऱ्हाते, हमीदभाई," साडू कान न काढता म्हणाले, "हिला पावसात ऱ्हायचंय."

परतीच्या बसमध्ये ती मोटार मांडीवर आडवी घेऊन ते बसले. वरच्या फळीवर ठेवा, असं कंडक्टरने तीनदा सांगून पाहिलं आणि सोडून दिलं.

याच सुमारास आमच्या सासूबाई साडूंकडे राहायला आल्या. त्या मूळच्या बिदरकडच्या, लग्न होऊन निलंग्याकडे आलेल्या. सासरी कन्नड चालत नव्हतं, म्हणून साठ वर्षं त्या मराठीच बोलल्या. पोरींनासुद्धा त्यांनी कन्नड शिकवलं नाही. वय झालं, विसरायला लागलं, आणि सगळ्यात आधी त्या मराठी विसरल्या. अक्का, म्हणजे माझी मेहुणी आणि साडूंची बायको, आईशी बोलायची आणि आई तिच्याकडे परक्या बाईकडे बघावं तशी बघायची. साडूंच्या मुलाने मोबाइलवर कन्नड कार्यक्रम लावून दिला, तर एवढ्याशा माणसाला बघून त्या घाबरल्या आणि त्यांनी मोबाइल उशीखाली दडपला. तेव्हा साडूंनी आकाश धुंडाळायला घेतलं. आठ दिवसांनी त्यांना एक साधं कन्नड चॅनल सापडलं. रोज दुपारी साडेतीनला त्यावर एक म्हातारे गृहस्थ शेतकऱ्यांशी पिकापाण्याचं बोलत आणि शेवटी दोन बाया जात्यावरची गाणी म्हणत. सासूबाई भिंतीला टेकून ते बघायच्या, त्या गृहस्थांना उत्तरं द्यायच्या, मधेच हसायच्या. तो एक तास सोडला तर दिवसभर त्या गप्प असत.

गणपतीत आम्ही औशाला गेलो होतो, तेव्हाच मोटार अडकली. सकाळी साडूंनी हौसेने डिश पार पूर्वेला नेली होती, आणि परत आणताना मोटार नुसती गुणगुणायला लागली, हलेना. साडूंनी आधी खोलीतल्या, मोटारीला वीज देणाऱ्या डब्यावर वीज मोजली, बरोबर होती. गच्चीवर जाऊन वायरच्या टोकाला मोजली, तिथेही पोचत होती. "वीज जाती, आवाज येतो, म्हंजे आतनं धरलंय," ते म्हणाले. त्यांचं तोंड उतरलं होतं. तीन वाजून गेले होते. खाली सासूबाई भिंतीला टेकून बसल्याही होत्या.

साडूंनी दांड्याचा बोल्ट काढला आणि डिश मोकळी करून हाताने फिरवायला सुरुवात केली. मी खाली टीव्हीसमोर बसून ओरडत होतो. "आली! गेली! जरा मागं!" चित्र आलं, म्हातारे गृहस्थ दिसले. अक्का जिन्यातून म्हणाली, "दोरीनं बांधा आन् या खाली!" त्यांनी बांधलं. वारा आला, दोरी ताणली, चित्र फुटलं, आणि सासूबाईंनी पडद्याकडे हात करून असा काही आवाज काढला की अक्काला रडू फुटलं. वरून साडू ओरडले, "थांबा, मी धरतो!" मी वर गेलो तर भर उन्हात ती आठ फुटी जाळी छातीशी कवटाळून ते उभे होते. मी म्हणालो, द्या माझ्याकडे. "नको. तुम्ही हलाल," असं म्हणून त्यांनी मला परत खाली पाठवलं. सगळा तास ते तसेच उभे राहिले. जात्यावरची गाणी संपली तेव्हा खाली आले. दोन्ही हातांवर जाळीचे वळ उठले होते.

संध्याकाळी मोटार उघडली, तर आतून गंजाचं लाल पाणी सांडलं. आत साठणारं पाणी गळून जावं म्हणून मोटारीला खाली एक भोक असतं. मुंग्या जातील या काळजीने साडूंनी ते खिडकीच्या काचेला लावतात ती लांबी भरून पक्कं बुजवलं होतं. त्यांनी तिथूनच हमीदभाईंना फोन लावला आणि म्हणाले, "मोटार चांगली होती. चूक माझी हाय." मग दुसरी मोटार मागवली, आणि पहिल्यांदाच कान न लावता घेतली. ती येईपर्यंत आणखी दोन दिवस त्यांनी हाताने डिश धरली. नवी बसवली, डिश त्या कन्नड चॅनलवर आणली, आणि पुन्हा हलवली नाही. रशियावाला, थायलंडवाला सगळे बंद. मी विचारलं, तर म्हणाले, "मधीच आडकली तर?"

निघण्याच्या दिवशी दुपारी मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. कार्यक्रम संपला तशी सासूबाईंनी साडूंचा हात धरला आणि विचारलं, "तम्मा, ऊरिगे यावाग होगोदु?"

"नाळे," साडू म्हणाले. सासूबाईंनी मान हलवली आणि तिथेच आडव्या झाल्या.

मी बाहेर आल्यावर अर्थ विचारला. बिदरच्या बसच्या एका कंडक्टरकडून त्यांनी तो विचारून घेतला होता. "त्यांना वाटतं मी त्यांचा धाकटा भाऊ हाय. गावाकडं कवा जायचं, म्हून इचारत्यात. मी म्हणतो, उद्या."

"रोज?"

"रोज इचारत्यात की," साडू म्हणाले, आणि सासूबाईंना जाग येऊ नये म्हणून दार हळूच ओढून घेतलं.