चिमुकली फिंच आणि मूठभर माकड

प्राणिसंग्रहालयात लोकांना फिरवून माहिती सांगणाऱ्या त्या बाईंना सगळे 'रेडिओ' म्हणत. आणि नेमका त्यांनाच पक्षाघाताचा झटका आला. हातपाय बचावले, वाचा गेली. शब्द मनात लख्ख दिसे, पण ओठांवर भलताच येई. चहा मागायला जावं, तर 'चप्पल' बाहेर पडे.

नवरा बिचारा जीव टाकायचा. बाईंनी तोंड उघडायचा अवकाश, वाक्य तोच पुरं करी. हळूहळू बाईंनी बोलणंच सोडलं.

घरात जीव आंबला, तेव्हा त्या आपल्या जुन्या कामाच्या जागी नुसत्याच जाऊन बसू लागल्या. समोर फिंच पक्ष्यांचा पिंजरा. एक पिल्लू बापाचं गाणं गळ्यात बसवू पाहत होतं. अर्धी तान, मग फजिती, की पुन्हा सुरू! लाजबिज काही नाही. शेजारी मार्मोसेट माकडं, मुठीत मावतील एवढी. एक पानांआडून शीळ घाली. दुसरं ती संपेपर्यंत गप्प राही, मगच उत्तर देई.

त्या संध्याकाळी नवरा सवयीने म्हणाला, "पाणी हवंय ना?"

बाईंनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. "थांबा. मा... माकड व्हा."

"काय होऊ?"

"माकड! आधी मी... मग तुम्ही."

हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण गडी थांबायला शिकला. बाई भांडी घासताना, जिना चढताना शब्द घोकू लागल्या. चुकल्या की पुन्हा पहिल्यापासून.

वर्ष सरलं आणि एका रविवारी त्या भरगच्च गर्दीपुढे उभ्या राहिल्या.

"हा पक्षी बापाचं ऐकून, चुकतमाकत गाणं शिकतो. माकड आपल्या नात्यातलं, पण असं नवं गाणं उचलणं त्याला जमत नाही. मात्र दुसऱ्याचं पुरतं ऐकून घेण्यात त्याची..."

शब्द अडला. मागे नवरा ओठ घट्ट मिटून उभा.

"...बरोबरी नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी विचारलं, "मग दोघांत हुशार कोण?"

"पक्ष्याला जिद्द, माकडाला रीत," बाई एका दमात म्हणाल्या. "मी दोन्ही उचललं!"

आता रविवारच्या दोन्ही फेऱ्या त्यांच्याच असतात.