शेवटचं कडवं मी गाळलं होतं

वसंतकाका काल गेले.

आयुष्यात मला सगळ्यात जास्त टाळ्या मिळाल्या ते भाषण खोटं होतं, आणि ते फक्त त्यांना कळलं होतं.

ज्यांनी काकांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. रेल्वेतून रिटायर झालेले. शहरातल्या पलासिया भागात एका कोचिंग क्लासच्या वर दोन खोल्या. तिथे दर रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण कविता वाचायला जमायचो.

मी तेव्हा जवळच्याच राऊ गावातल्या कॉलेजात होते. वय बावीस, आवाज मोठा, मतं त्याहून मोठी.

काकांचा नियम एकच. ज्याला कवितेवर बोलायचंय त्यानं ती स्वतःच्या हातानं वहीत उतरवून आणायची. झेरॉक्स चालायची नाही.

"हातानं लिही, बेटा. मग कळतं कवी कुठं अडखळला."

त्या रविवारी माझी पाळी होती. जुन्या मासिकातली, युद्धावरची एक कविता काकांनीच दिली होती. लढाई सोडून पळून आलेला मुलगा घराच्या दारात उभा आहे. आई त्याला ओळखते, आणि सांगते की इथे माझा मुलगा राहत नाही. दार बंद.

मी पेटलेच.

"त्या दारात आई नाही, अख्खा देश उभा आहे! कर्तव्य सोडणाऱ्याला घर नसतं!"

"क्या बात है, ताई! मजा आ गया!" मागून कुणीतरी ओरडलं. टाळ्या थांबेनात.

काका टाळ्या वाजवत नव्हते.

सगळे गेल्यावर त्यांनी माझी वही मागितली.

"चारच कडवी?"

"काका, पाचव्यात कविता जरा ढिली पडते."

"कविता ढिली पडते, की तुझं भाषण?"

खरं तर पाचव्या कडव्यात आई दार लावून तिथेच बसते, दाराला पाठ टेकून. बाहेर मुलगाही तसाच बसलेला. मधे एक फळी. उन्हं उतरतात, दोघं हलत नाहीत.

ते उतरवताना माझा हात थांबला होता. माझ्या भाषणात ती आई बसत नव्हती, म्हणून मी तिला गाळलं.

"आता सांग, कवी कुठं उभा आहे? दाराच्या आत की बाहेर?"

"आत. आईच्या बाजूला."

"चौथ्यापर्यंत. पाचव्यात त्याला दोघांच्याही पाठी दिसतात. म्हणजे त्यानं ते दार मानलंच नाही."

मग वही मिटून ते म्हणाले, "माझा दादा असाच परत आला होता."

मी खांद्यावरची पिशवी परत खाली ठेवली.

"बाबा शाळामास्तर. त्यांनी दादाला घरात घेतलं, पण शेवटपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. फक्त पेपर, जो आधी मनात वाचायचे, तो मोठ्यानं वाचायला लागले. मागच्या खोलीत दादाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. बाजारभावसुद्धा!"

"आणि दादा?"

"एखाद्या बातमीला आतून हसायचा. बाबा तेवढं थांबायचे, मग पुढं वाचायचे."

काकांनी वही माझ्या हातात परत दिली.

"बाबांचा अबोला आम्ही भावंडांनी उचलला. ते वाचणं कुणाच्या लक्षातच आलं नाही. ऑफिसात मी सांगायचो, घरात मोठा मीच."

मग एकदम मास्तरी आवाज. "पुढच्या रविवारी पाचही कडवी वाचायची. याच लोकांसमोर."

"काका, इज्जत जाईल माझी!"

"जाऊ दे थोडी. बावीस वर्षांत अशी किती जमवलीयेस?"

पुढच्या रविवारी वाचली. मी काय गाळलं आणि का गाळलं, तेही सांगितलं.

"म्हणजे ताई, गेल्या रविवारी आम्ही उगाच टाळ्या वाजवल्या?" मागचाच तो आवाज. सगळे हसले. माझे कान तापले.

तेवढ्यात काका उठले. त्यांच्या हातात ना वही, ना कागद.

"मलाही एक दुरुस्ती करायचीय. मी घरात मोठा नव्हतो. मोठा मनोहर. माझा दादा. लढाई सोडून आला आणि एकोणीस वर्षं आमच्या मागच्या खोलीत राहिला. गल्लीतले सगळे रेडिओ तोच दुरुस्त करायचा."

एवढं सांगून ते खाली बसले.

काकी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. ट्रे खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आणि मी नवी नवरी होते तेव्हा सासरी मला पहिल्यांदा हसवलं ते भाऊजींनी. तेही सांगा ना."

काकांनी तेही सांगितलं. मग बरंच काही सांगितलं. त्या दिवशी दुसरी कविता झालीच नाही.

मी आजही कर्तव्यावर तावातावानं बोलते. माझी मतं मऊ झालेली नाहीत. पण कर्तव्याच्या नावाखाली कुणी घरातलं माणूस पुसायला निघालं, तर मी भर सभेत त्याच्याशी भांडते.

वसंतकाकांना, आणि त्यांचे थोरले बंधू मनोहरदादा यांनाही, भरल्या मनानं श्रद्धांजली.