शाई पिवळी, कागद पिवळा

आमच्याकडे रंगीत टीव्ही होता आणि तो रंगीत माझ्या आईनं केला होता.

म्हणजे टीव्ही मुळात काळा-पांढराच. ऐंशीच्या दशकात नागपूरच्या प्रताप नगरात रंगीत टीव्ही दोन-तीन घरांत असतील, आणि त्यातलं एकही घर आमचं नव्हतं. पण आईनं एकदा बर्डीच्या बाजारातून तीन रंगांचा प्लास्टिकचा कागद आणला. वर निळा, मधे नारिंगी, खाली हिरवा. तो तिनं काचेवर चारी बाजूंनी चिकटवून टाकला. त्या दिवसापासून बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं, गाल संत्र्यासारखे आणि पदर कायम हिरवा. आठ दिवस आम्ही हसलो, मग सवय झाली. दोन वर्षांत तर काचेवर असं काही लावलं आहे हेच विसरून गेलो. (शेजारी क्रिकेट पाहायला आमच्याकडे येत. मैदान खालच्या बाजूला असल्यामुळे गवत खरंच हिरवं दिसे आणि ते खूश होऊन जात.)

या टीव्हीला मस्कतच्या मामांनी आणलेला कॉम्प्युटर येऊन जुळला. दिसायला नुसता टाइपरायटरच्या बटणांचा डबा. मी सरकारी कचेरीत टायपिस्ट, म्हणून बटणं पाहून मामांना माझी आठवण झाली. डब्याची वायर टीव्हीच्या मागे खोचायची, की टाइप केलेलं समोर दिसायचं. "उगाच बंद-चालू करू नको, उडून जाईल," एवढं शिक्षण देऊन मामा परत गेले. सोबत इंग्रजी पुस्तिका होती. ती मंदानं, माझ्या धाकट्या बहिणीनं वाचली. ती गणितात एम.एस्सी. करत होती आणि तिला वाचायला काहीही चालायचं. मी पुस्तिकेतली चित्रं पाहिली.

चित्रांवरून मला कळलं ते असं. त्या डब्यात आठ रंग होते, शून्य ते सात. अक्षरांच्या रंगाला तो 'शाई' म्हणायचा आणि मागच्या रंगाला 'कागद'. म्हणायचा इंग्रजीत, पण मी घरात त्याचं मराठी करून टाकलं. आकडा बदलला की रंग बदलतो. (आठांत संत्र्याचा रंग नव्हता. नागपूरच्या माणसानं तिथंच सावध व्हायला पाहिजे होतं.) आठवडाभर मी घरात एवढं शाई-कागद, शाई-कागद केलं, की किराणा दुकानदारानं "साखर कागदात बांधू का?" म्हणून विचारलं तेव्हा मी "कोणत्या नंबरच्या?" म्हणालो.

अशात मंदाला पाहायला पुण्याचं स्थळ येणार असं ठरलं.

इथं एक कबुली देऊन टाकतो. मंदाची आधीची दोन स्थळं माझ्यामुळे मोडली असं घरात सगळे म्हणत. पहिल्या वेळी मी तिचं वय दोन वर्षांनी वाढवून सांगितलं. मला वाटलं, मोठी म्हणजे समंजस. दुसऱ्या वेळी मी मुलगा समजून त्यांच्या ड्रायव्हरला मधल्या खुर्चीवर बसवलं आणि पोह्यांची पहिली बशी त्याच्या हातात दिली. (ड्रायव्हर दिसायला खरंच चांगला होता. मंदाचंही पुढे तेच मत पडलं.)

हे तिसरं स्थळ मात्र वेगळं होतं. मुलाचं नाव श्रीकांत. तो पुण्याला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा. त्यानं पत्रात मंदाची उंची विचारली नव्हती, रंग विचारला नव्हता. 'गणितात तुम्हाला काय आवडतं?' असं विचारलं होतं. मंदानं ते पत्र माझ्यासमोर चार वेळा वाचलं आणि पाचव्यांदा वाचायला आत घेऊन गेली. असं ती कोणत्याही स्थळाच्या बाबतीत वागली नव्हती. आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली.

"दादा, तू उद्या फक्त बशा आणशील. बोलायचं नाही."

"बरं."

"आणि काही करायचंही नाही."

"बरं ना, बाप्पा."

बोललो नाही. पण मुलगा कॉम्प्युटरवाला, आणि आपल्या घरात कॉम्प्युटर असून तो मुका बसणार, हे माझ्या मनाला पटेना. रविवारी सकाळी मी टीव्हीवर स्वागताचा फलक करायला घेतला. मराठी अक्षरं त्या डब्यात नव्हती, म्हणून इंग्रजी लिपीतच वरच्या ओळीत सुस्वागतम् लिहिलं आणि तळाशी श्रीकांत. आमचे बाबा शाळेत चित्रकलेचे मास्तर, त्यामुळे रंगांचा निर्णय त्यांचा.

"कागद लाल घे, शाई पिवळी," बाबा आरामखुर्चीतून म्हणाले. "कुंकवावर हळद. मंगल दिसते."

लाल म्हणजे दोन, पिवळा म्हणजे सहा. मी कागद दोन केला, शाई सहा केली आणि मागे सरकून पाहिलं. सुस्वागतम् निळं आलं होतं. श्रीकांत हिरवा.

"हळद कुठं आहे?" बाबांनी विचारलं.

मी आकडे परत टाइप केले. परत निळं, परत हिरवा. बाबांनी चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं, आणि रंगाची वडी पाण्यात बुडवून बघावी तशा चेहऱ्यानं म्हणाले, "तुझ्या पिवळ्यात निळा मिसळून राहिला कुठूनतरी."

मी सुस्वागतम् एकेक ओळ खाली आणत गेलो. मधे आल्यावर ते झक्क नारिंगी झालं. हळद नाही तर नाही, पण निदान त्या घराण्यातलं काहीतरी! श्रीकांत मात्र हिरवाच. मग मी डोकं लढवलं आणि दोन्हींच्या जागा बदलल्या. आता श्रीकांत नारिंगी झाला आणि सुस्वागतम् हिरवं. एवढा पुरावा समोर असताना शाळेतल्या पोरानंही ओळखलं असतं. मी असा निष्कर्ष काढला, की या मशीनला हे स्थळ पसंत नाही.

आई मंदाची वेणी घालताघालता दारातून डोकावली. "काय झालं रे?"

"हिरवं येऊन राहिलं, आई."

"मग येऊ दे ना. हिरवा चुडा, हिरवं लुगडं, चांगला शकुन आहे. काहून बदलून राहिला?"

"पण मी पिवळं सांगतलं आहे त्याले!"

मान हलली की वेणी सुटायची, म्हणून मंदाला बाहेर येता येत नव्हतं. तिनं आतूनच आवाज दिला. "दादा, काय करून राहिला तू? तुले नाही म्हटलं होतं ना?"

"रंग बरोबर येत नाही मंदे, खाली हिरवा पडून राहिला."

"अरे, मग आधी कागद काढ ना!"

तिनं पुस्तिका वाचलेली. तिचं ऐकायलाच हवं होतं. मी लाल कागद काढला आणि निळा टाकला. मग हिरवा, मग पांढरा. शाईचाच पिवळा सोडून एकेक करून बाकी सगळे कागद काढून पाहिले. पांढऱ्या कागदावर तर श्रीकांत जवळजवळ नाहीसाच झाला.

"काढला का?" आतून आवाज आला.

"काढला!"

"मग?"

"तरी हिरवंच!"

"नीट काढला? पूर्ण?"

"सगळे काढून पाहिले!"

"सगळे? अरे, एकच तर आहे!"

"एक नाही, आठ आहेत. तुले माहीत नाही!"

यावर मंदा काहीतरी बोलणार होती, पण फाटकाशी ऑटो थांबला आणि आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. पाहायला आलेल्या लोकांना मुलीचा आवाज आधी फाटकापर्यंत ऐकू जाऊ नये, अशी आमच्याकडे पद्धत. बाबा सदऱ्याची बटणं लावत बाहेर धावले. माझ्या हातात अर्धं मिनिट उरलं.

आणि त्या अर्ध्या मिनिटात मला ते सुचलं. आतापर्यंत मी शाई पिवळी करत होतो आणि कागद दुसरा. म्हणून मशीनला पळवाट मिळत होती. आता शाईही पिवळी आणि कागदही पिवळा. दोन्हीकडून पिवळा लावला तर हिरवा येईल कुठून?

मी शाई सहा, कागद सहा टाइप केलं आणि बटण दाबलं. नारिंगी श्रीकांत गेला, हिरवं सुस्वागतम् गेलं, काहीच नाही. लख्ख उजेडाचे तीन पट्टे तेवढे राहिले, वर निळा, मधे नारिंगी, खाली हिरवा. पाहुणे खोलीत आले.

श्रीकांत सडपातळ, चष्मेवाला, शांत माणूस. सोबत त्याची आई. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि आमच्या बैठकीच्या खोलीकडे त्यांनी वर्ग तपासावा तशी नजर टाकली. ती नजर टीव्हीवर थांबली. सगळेच टीव्हीकडे पाहू लागले. कोणीतरी काहीतरी बोलणं भाग होतं, आणि मी न बोलण्याचं कबूल केलं होतं.

"हे आपलं स्वागत आहे," मी म्हणालो.

"कुठे?" श्रीकांतच्या आईंनी विचारलं.

"इथंच लिहिलं आहे. दिसत नाही एवढंच."

त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे पाहिलं. मी परिस्थिती सावरायला तर्रीपोह्यांच्या बशा आणल्या आणि त्यांच्या बशीत आग्रहानं झणझणीत रश्शाची तर्री जरा जास्तच वाढली. पहिल्याच घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. (मला वाटलं, स्वागतानं गहिवरल्या.) त्यांनी बशी खाली ठेवली, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "श्रीकांत, आपल्याला धरमपेठेत जेवायला वेळेवर पोचायचं आहे ना?"

हे वाक्य आमच्या घरात ओळखीचं होतं. ड्रायव्हरच्या वेळीही लोक असेच कुठेतरी जेवायला निघाले होते.

चहाचा ट्रे घेऊन मंदा दारात उभी होती. तिनं ते ऐकलं. ती रडली वगैरे नाही, पण त्या पाचदा वाचलेल्या पत्राचं काय झालं ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मला इतकं वाईट वाटलं, की त्या डब्यासकट मामांकडे मस्कतला निघून जावंसं वाटलं. निदान चूक दुरुस्त करावी म्हणून मी पुन्हा बटणांवर वाकलो.

"दादा," मंदा म्हणाली. आवाज अगदी शांत. "हात लावू नको. कागद काढ."

"मंदे, खरंच सांगतो, आठही काढले..."

तिनं ट्रे दिवाणावर ठेवला, पदर खोचला, सरळ टीव्हीपाशी आली, कोपऱ्यात नख घातलं आणि एका हिसक्यात आईचा तिरंगी प्लास्टिक कागद चर्रकन ओढून काढला.

"अवं, माझा कागद!" आई ओरडली.

समोर पांढराफटक पडदा उरला. निळं नाही, नारिंगी नाही, हिरवं नाही. टीव्ही काळा-पांढरा आहे, ही बातमी मला पाहुण्यांसोबतच कळली. अर्धा दिवस मी काळ्या-पांढऱ्या टीव्हीत हळद शोधत होतो, आणि चित्रकलेचे मास्तर मला छटा सांगत होते!

"आता शाई," मंदा पुटपुटली आणि खाली सतरंजीवर बसली. पडद्यावर काही दिसत नसताना तिनं अंदाजानंच बटणं दाबली. पडदा गडद झाला आणि त्यावर स्वच्छ पांढरी अक्षरं उमटली. मधे श्रीकांत, तळाशी सुस्वागतम्.

श्रीकांत खुर्चीच्या कडेवर आला होता. "न बघता टाइप केलंत?"

"पुस्तिकेत दिलंय सगळं."

"तुम्ही वाचलीत?"

"मी वाचली. दादानं चित्रं पाहिली."

तो हसला आणि खुर्ची सोडून सतरंजीवर येऊन बसला. "याच्यावर वर्तुळ काढता येतं, माहितीये?" त्यानं विचारलं. मंदा म्हणाली, वर्तुळ काय, लंबवर्तुळही येतं, फक्त सूत्र नीट मांडावं लागतं. मग दोघांना चहाचं भान राहिलं नाही, पोह्यांचं राहिलं नाही, पाहायला कोण आलं आणि कोणाला, तेही राहिलं नाही. श्रीकांतच्या आईंनी थोडा वेळ लेकाकडे पाहिलं, मग बशी उचलून माझ्यापुढे धरली.

"बिनतर्रीचे आहेत का?" त्या म्हणाल्या. "आणि धरमपेठेत फोन करता येईल का? उशीर होईल म्हणून कळवते."

पुढच्या वैशाखात लग्न झालं. पंगतीत बायकांनी नाव घ्यायचा आग्रह केला तेव्हा मंदानं घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं आणि उखाणा घेतला:

"शाई पिवळी, कागद पिवळा, अक्षर काही दिसेना,
श्रीकांतरावांचं नाव घेते, दादाले अजून समजेना."

अख्खी पंगत हसली. मी त्यात सगळ्यात मोठ्यानं हसलो, कारण आता मला समजलं होतं.

निदान तसं मला वाटत होतं. परवा मी घरी नवा कॉम्प्युटर घेतला. आता त्यात आठ नाही, लाखो रंग असतात म्हणे. पण पडदा मला सारखा धुरकट दिसे. तीन दिवस मी सेटिंगमध्ये शिरून बसलो. उजेड वाढवला, अक्षरं ठळक केली, मागचं चित्र बदललं, डार्क मोडही लावून पाहिला. धुरकट ते धुरकटच. शेवटी मंदाला पुण्याला फोन लावला. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "दादा, कागद काढला का?"

मी फोन कानाला तसाच धरून पडद्याच्या कोपऱ्यात नख घातलं. चर्रकन निघाला.