शाळेवरचा शिरीष आणि माझं मशीन

घ्या, आधी चहा घ्या. मी केलेल्या गाढवपणाची गोष्ट आहे, रिकाम्या पोटी ऐकायची नाही. इथे इंदिरानगरात सगळे मला शांत, समजूतदार गृहस्थ म्हणतात. म्हणू द्या! पण ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास हरसूलकडच्या एका पाड्यावर मी जे दिवे लावले, ते बघायला अख्खा पाडा जमला होता.

तेव्हा मी लाकडाच्या डेपोत कारकून होतो. डेपोत एक नवं मशीन आलं. पेट्रोलवर चालणारी करवत, लांब पात्याभोवती दातेरी साखळी फिरणारी. ती चालवायला कुणीतरी शिकून यायचं होतं, आणि मशीनसोबतचं पुस्तक इंग्रजीत, म्हणून मला पाठवलं. आठ दिवसांनी परत आलो तो माझी चालच बदललेली! डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांना चष्मा, पायात जाड बूट. जेवतानासुद्धा मी बायकोला, म्हणजे सुमनला, नियम ऐकवायचो. मशीन दोन्ही हातांनी धरायचं. खांद्याच्या वर न्यायचं नाही. साखळीला हात लावायच्या आधी इंजिन बंद. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात माणूस नको. आणि आपली पळायची वाट आधी मोकळी करायची, मगच झाडाला करवत लावायची.

"हो, आणि आमटीत मीठ बरोबर आहे का, तेही सांगा," सुमन म्हणायची.

आता पाड्यावरच्या शाळेशेजारी एक भलामोठा शिरीष वाळून उभा होता. पावसाळ्यात त्याची एक फांदी शाळेच्या कौलांवर पडली. नशीब, रविवार होता. तेव्हापासून गुरुजी पाटलांच्या गोठ्यात शाळा भरवत होते. म्हशीच्या शेजारी बसून पोरं पाढे म्हणायची. झाड उतरवल्याशिवाय शाळा उघडणार नव्हती, आणि कुऱ्हाडीने तोडायला कुणी धजत नव्हतं. वाळलेल्या फांद्या हादऱ्याने डोक्यात यायच्या.

आमचे साहेब म्हणाले, "दसरा झाला की दुसऱ्या दिवशी मशीनने पाडून टाका. मी स्वतः बघायला येतो."

दसऱ्याच्या आधी काय येतं? खंडेनवमी! घरातल्या अवजारांची पूजा. साहेबांना विचारून मी मशीन घरी नेलं. साखळी सोडवली, घासलेटात धुतली, पुसली, पुन्हा चढवली. पाटावर मशीन, त्याला झेंडूचा हार, हळदीकुंकू. काय दिसत होतं म्हणून सांगू!

सुमनने निरांजन ओवाळायला उचललं आणि थांबली.

"अहो, हे देवावर दात विचकून काय ठेवलंय?"

बघतो तर खरंच. पात्याच्या वरच्या कडेला साखळीचे दात टोकाकडे तोंड करून असतात. पातं देवाकडे, म्हणजे सगळे दात देवाकडेच.

"मशीन फिरवून ठेवतो," मी म्हणालो.

"म्हणजे धुराचं नळकांडं देवाकडे? सणासुदीचं काहीतरीच तुमचं!"

मी म्हटलं, थांब, मी शिकून आलेला माणूस आहे. दोन नट ढिले केले, साखळी काढली, उलटी फिरवली, पुन्हा चढवली. आता दात आमच्याकडे. पाच मिनिटांचं काम! देव खूश, सुमन खूश, आणि मी तर दोघांपेक्षा जास्त खूश. मग दसऱ्याचं सोनं, पाहुणे, श्रीखंड यांत दोन दिवस कसे गेले कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाड्यावर. साहेब आलेले, गुरुजी आलेले, पोरं, बायाबापड्या, सगळे. मी सगळ्यांना लांब, पार बांधापलीकडे हाकललं. फक्त सोमाबाबांना जवळ ठेवलं. सोमाबाबा म्हणजे आमच्या डेपोतले जुने लाकूडतोडे, चाळीस वर्षं कुऱ्हाड चालवलेली. मी पेट्रोल बघितलं, तेल बघितलं, साखळी बोटाने ओढून ताण बघितला. मागची वाट झुडपं काढून साफ केली. सगळं तपासलं हो! दात कुठे बघताहेत, तेवढं सोडून.

दोरी ओढली. मशीन असं गरजलं की बांधापलीकडची पोरं चार पावलं मागे गेली. मी ऐटीत पातं बुंध्याला टेकवलं.

काही नाही.

म्हणजे आवाज भरपूर, धूर भरपूर, पण पातं आत जाईना. बुंध्यावर नुसता काळा डाग.

"काय झालं हो?" साहेब लांबून ओरडले.

"लाकूड वाळलंय ना साहेब! कडक असतं जरा!"

दुसऱ्या बाजूने लावलं. तेच. मग मी म्हणालो, पेट्रोलमध्ये तेल कमी पडलं. मग म्हणालो, मशीन परदेशी आहे, आपल्या लाकडाची सवय नाही. विचार करा, करवतीला लाकडाची सवय! हेल्मेटच्या आत घामाच्या धारा. अर्ध्या तासात बुंधा तीन ठिकाणी काळा झाला होता आणि झाड होतं तसं उभं.

बांधापलीकडे कुजबुज सुरू झाली. पाड्यातल्या सगळ्यांत वयस्कर ठकूबाई उठून उभ्या राहिल्या.

"आरं, त्या झाडात देव हाय. एवढं इंजान लावलं तरी सालसुद्धा निघंना. नका छळू त्याला!"

"खरं हाय," चारजण म्हणाले. एकाने लगेच दुकानातून नारळ आणायला धूम ठोकली. बाकीच्यांनी लांबूनच हात जोडले. ते बघून साहेबांचाही चेहरा पडला.

इकडे सोमाबाबा खाली बसून माती चिवडत होते. मला म्हणाले, "साहेब, भुसा कुठं हाय?"

"काय?"

"करवत चालली की भुसा पडतो. हितं नुसतं काळं पीठ हाय. तुमचं मशीन कापत नाय, घासतंय."

मी इंजिन बंद केलं. साखळीकडे बघितलं. वरचे दात माझ्याकडे तोंड करून होते, खंडेनवमीला ठेवले होते तसेच. म्हणजे अर्धा तास लाकडावर दातांची नुसती पाठ घासत होती!

तेवढ्यात साहेब जवळ आले आणि हळूच म्हणाले, "जाऊ द्या. लोकांची श्रद्धा आहे. देवाचं झाड म्हणून राहू देऊ. तुमचा काही दोष नाही."

खोटं कशाला बोलू? मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं! अब्रू वाचली होती. मशीन उचलायचं, घरी जायचं, गुपचूप साखळी फिरवायची. कुणाला कळणार होतं?

पण एकदा देवाचं ठरलेलं झाड पुन्हा कोण तोडू देणार? आणि पडायचं त्या दिवशी ते रविवार बघून थोडंच पडणार होतं? बांधावर पोरं बसली होती, आणि गुरुजी माझ्याकडे बघत होते. मला माझीच भयंकर लाज वाटली.

हेल्मेट काढलं आणि मोठ्याने म्हणालो, "मंडळी, झाडात काही नाही! मीच साखळी उलटी लावली आहे!"

मग ठकूबाई मायेने म्हणाल्या, "नाय रं बाबा. तू शिकलेला मानूस. तुझ्या हातून आसं व्हनार नाय. देवाचं पाप आपल्या अंगावर नको घेऊ."

"अहो आजी, खरंच मीच!"

"किती मोठं मन हाय साहेबाचं!" मागून कुणीतरी म्हणालं.

आता बोला! माणसावर अशी वेळ यावी? आपण मूर्ख आहोत हे पटवून द्यायला मी हातापाया पडत होतो, आणि कुणी ऐकून घेत नव्हतं. शेवटी एक ओंडका मागवला. आधी उलट्या साखळीने लावलं: धूर. मग सगळ्यांदेखत नट सोडले, साखळी सुलटी केली, गोल कानशीने एकेका दाताला धार दिली आणि पुन्हा लावलं. भुशाचा फवारा उडाला आणि ओंडक्याचे दोन तुकडे!

साहेबांनी कपाळाला हात लावला. पोरं तर लोळून हसली.

मग मात्र काम नीट झालं. मैदानाच्या बाजूला खाच घेतली, मागून काप दिला, मधे बिजागरीसारखं बोटभर लाकूड राखलं. झाड करकरलं, मी साफ केलेल्या वाटेने मागे सरलो, आणि शिरीष मैदानात आडवा. शाळेचं एक कौल हललं नाही. गुरुजींनी येऊन माझा हात धरला. मला भरून आलं.

तेवढ्यात मघाचा तो माणूस धापा टाकत नारळ घेऊन आला. झाड तर पडलेलं!

"आता ह्याचं काय करू?" त्याने विचारलं.

ठकूबाईंनी एकदा झाडाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"ह्या साहेबापुढं फोड," त्या म्हणाल्या. "आक्कल आलीच हाय तर टिकू दे."