शेंदराची खोळ

ती घटना आजही आठवते.

नरखेड तालुक्यातल्या एका गावातून मारुतीची जुनी मूर्ती चोरीला गेली. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढलेला, त्यामुळे आतला दगड गावात कोणीच पाहिलेला नव्हता. मी तिथल्या पोलीस ठाण्यात होतो. खबर आली की पूजा करणाऱ्या म्हाताऱ्या गुरवानेच देव विकला. आम्ही त्याच्या घराची झडती घेतली. पेटीत, वारलेल्या बायकोच्या लुगड्यात गुंडाळलेली, मूर्तीवरच्या शेंदराच्या थरांची फुटकी खोळ सापडली. गावाने तिथल्या तिथे निकाल लावून टाकला.

"खोळ गळाली की नदीत सोडतात. तुम्ही का लपवली?" मी दरडावले.

"चोरायनं फोडून टाकली होती, साहेब. देव गेला. हेही सोडून देतो तं घरात बोलू कोनासंग?"

मला ते पटले. पण मनाला पटलेले पंचनाम्यात लिहिता येत नाही.

पुढे नागपुरात जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात घासूनपुसून लख्ख केलेला मारुती मिळाला. व्यापारी म्हणे, परराज्यातून आणला. ओळख पटवायला गावकरी बोलावले. "हा आमचा मारुती नोय," म्हणून ते मोकळे झाले. माझे डोकेच फिरले. जन्मभर पाया पडले, आणि ओळख कसली, तर रंगाची!

शेवटी खोळ आणि मूर्ती दोन्ही प्रयोगशाळेत पाठवल्या. जुन्या शिल्पांच्या जतनाचे काम करणाऱ्या तिथल्या मॅडमनी दोन्हींचे त्रिमितीय स्कॅन केले. खोळीच्या आतल्या बाजूला दगडाचा ठसा उमटला होता. छिन्नीची रेघ न्‌ रेघ मूर्तीशी जुळली. अहवाल समोर ठेवताच व्यापाऱ्याचे अवसान गळाले. त्याने चोरांची नावे सांगितली. गुरवाचा काडीचा संबंध नव्हता.

तोवर गावात संगमरवरी मारुती बसला होता, पुजारीही नवा आला होता. जुनी मूर्ती संग्रहालयात जाणार असे ठरले. त्याआधी मी गुरवाला प्रयोगशाळेत नेले. मॅडमनी दिलेले हातमोजे घालून त्याने मूर्तीच्या गालावरून हात फिरवला.

"जनम गेला आंघोळ घालण्यात," तो म्हणाला, "तोंड आज पाह्यलं."

मला तिथे थांबवेना.

पुराव्याने माणूस सुटतो, पण लोकांत परत येतोच असे नाही, हे मी या प्रकरणात शिकलो. ग्रामपंचायतीत उभा राहून मी त्याचे निर्दोषत्व सांगितले. लोकांनी माना डोलावल्या, मला चहा पाजला. तिथून मी एकटाच त्याच्या घरी गेलो. त्याने दार उघडले आणि माझ्या मागे रस्त्याकडे पाहिले.

"गावातलं अजून कोनी येऊन राहिलं का, साहेब?"

"येतील," मी म्हणालो.

कोणी आले नाही.