उमाझी हावेला ताप येत नाही

केनियाच्या किनाऱ्यावर, आम्हा गिरियामा लोकांत म्हातारपण लपवावं लागतं. केस पांढरे झाले, की लोक चेटकीण म्हणायला मोकळे. उमाझी हावेही केस काळे करायची. हावे म्हणजे आजी. पण तिचा गुन्हा वेगळाच होता. तिला हिवताप चढत नसे.

पावसानंतर अख्खी वस्ती कुडकुडते. तिची दोन मुलं तापानेच गेली, ही ठणठणीत. "पोरं खाऊन जगली," असं लोक बोलू लागले आणि उरलेल्या मुलाने, काझुंगूने, वेगळं घर बांधलं. नात सिदीला तो आजीच्या दारातही जाऊ देईना. म्हातारी नातीसाठी म्हणून नारळाच्या दुधातली भाजी करायची आणि एकटीच खायची. मला बघवत नसे.

मी दवाखान्यातर्फे घरोघर फिरते. यंदा सगळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं. डासातून आलेला जंतू पुढे रक्तातल्या तांबड्या पेशीला चिकटतो, तिचं कातडं दाबत आत शिरतो, वाढतो आणि पेशी फोडून दुसऱ्या पेशींवर तुटून पडतो. हावेच्या पेशींचं कातडं जन्मतःच ढोलासारखं ताणलेलं. जंतूला बहुतेकदा आत घुसताच येत नाही.

मी हावेकडे धावत सुटले. "हावे, सुटलीस! तुझं रक्तच तसं आहे. आजच वस्तीच्या बैठकीत एकेकाचं तोंड बंद करते."

"म्हणजे माझ्या पोरांना मी नाही खाल्लं?"

इतकी वर्षं तिलाही तसंच वाटत होतं! मी तिच्याजवळ बसले.

"नाही गं. त्या दोघांना तुझं हे रक्त मिळालं नाही, एवढंच. काझुंगूला मिळालंय, त्याच्याकडून सिदीला."

ती उठून उभी राहिली. "बैठकीत एक शब्द काढायचा नाही."

"अगं, का?"

"काझुंगू पुरुष आहे, त्याला कोण विचारतंय? सिदी पोरगी आहे. माझ्यामागे तिला धरतील."

"रक्ताचं आहे म्हणून सांगू ना!"

"म्हणतील, चेटूक रक्तातच आहे."

मी आमच्या लोकांना ओळखते.

"मग पोरगी तुझ्याकडे कधीच येणार नाही, हावे."

"नको येऊ दे. सुनेला मात्र हळूच सांग, पावसानंतर सिदीला चार दिवस पांघरुणात निजव. लोकांना दिसेल अशी."

पाऊस सरल्यावर सिदी अंगणात पांघरूण ओढून पडली. बायका येऊन हळहळून गेल्या. हावे कुंपणाबाहेर माझा हात घट्ट धरून उभी होती.

"छान कण्हते गं," ती म्हणाली.