मामांचा पहिला प्रश्न

घराला घरपण रंगाने किंवा शेजाराने येत नाही, ते न्हाणीघराच्या दाराने येतं, असं मानणारा जगातला एकमेव माणूस म्हणजे आमचे मामा. आमचे म्हणजे कुणाचेच सख्खे नव्हेत. तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले, नोकरीतून निवृत्त झालेले, आणि चेन्नईत व्हीलचेअरवाल्यांना, कुबडीवाल्यांना, अंधांना जुळेल असं घर फुकटात शोधून द्यायचं खूळ डोक्यात घेतलेले. मी पुण्याहून नोकरीला आले ती चाकांच्या खुर्चीसकट. कंपनीने महिनाभर राहायला जागा दिली होती. तेवढ्यात घर मिळालं नाही तर नोकरी सोडून परत जायचं होतं, आणि मला मेलं तरी परतायचं नव्हतं.

पहिल्या भेटीत मामांनी ना भाडं विचारलं, ना खोल्या. वही उघडून म्हणाले, "सकाळी उठलीस की पहिला तास काय करतेस, सांग. काही गाळू नकोस हं." मी लाजत लाजत सांगितलं. नळ कुठल्या हाताने सोडते, हेसुद्धा त्यांनी लिहून घेतलं. वहीत डावीकडे माणसं, उजवीकडे घरं. पत्रिका जुळवणाऱ्यानेही इतके गुण पाहिले नसतील. टी. नगरातलं एक चकचकीत घर मला फार आवडलं होतं. मामा टेप घेऊन न्हाणीत शिरले आणि बाहेर येऊन म्हणाले, "ऐय्यो, दोन बोटं कमी!" मालक हौसेने दारातला नवा उतार दाखवू लागला. मामांच्या गाडीत कायम एक जुनी व्हीलचेअर असे. कुणाची म्हणून विचारलं की ते विषय बदलत. तिच्यात त्यांनी मालकालाच बसवलं. "सार, आधी तुम्ही उतरून दाखवा." मालक उतरला तो थेट फाटकाबाहेर, भाजीच्या गाड्यापर्यंत. मला हसू आवरेना आणि घर गेलं म्हणून रागही आवरेना.

शेवटच्या आठवड्यात तिरुवल्लिकेणीत एक तळमजला सापडला. दार रुंद, न्हाणी ऐसपैस, पण मालकीणबाई नाही म्हणाल्या. त्या रोज पहाटे फाटकभर कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी काढत, आणि तिच्यावरून माझी चाकं गेली तर लक्ष्मी आल्या पावली परत जाणार! मी तर सामान बांधायच्या गोष्टी करू लागले. मामांनी मात्र खाली वाकून फाटक मोजलं आणि गोड तमिळमध्ये सांगितलं, "अम्मा, लक्ष्मीला तीन फूट पुरतात. उरलेले हिला द्या." बाई हसल्या. तेव्हापासून आमच्या दारात कोलम डावीकडे असतं आणि मी उजवीकडून जाते.

आणि हा माणूस स्वतः राहतो तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत! यंदा त्यांचे गुडघे गेले. माझ्या शेजारचा तळमजला रिकामा झाला तेव्हा मी फोन केला. "मला कशाला? मी चालता माणूस," म्हणाले. मला वर जाता येत नाही, म्हणून त्यांनाच खाली बोलावलं. उतरायला त्यांना पाव तास लागला. मी त्यांचीच वही मागून घेतली आणि विचारलं, "मामा, सकाळी उठलात की पहिला तास काय करता? काही गाळू नका हं."

मामा हातातली टेप उलगडत, गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "काफी करतो. दोन पेले. मग आठवतं, आमची ही आता नाही. तिची खुर्ची तेवढी गाडीत आहे."

मी डाव्या पानावर 'दोन पेले' असं लिहिलं आणि म्हणाले, "दुसरा पेला प्यायला रोज मी येणार. तेव्हा त्या तळमजल्याच्या स्वयंपाकघराचं दार आधी मोजून घ्या."

दुसऱ्या दिवशी मामांनी तिथे येऊन दार मोजलं. पण ते चष्माच पुसत राहिले, आकडा मलाच वाचावा लागला.